फीडबॅक देणं थांबवून ऐकायला बसलो: आठ महिन्यांचा अनुभव

भोसरीत एका मशीन शॉपमध्ये मी सुपरवायझर आहे, हाताखाली 11 ऑपरेटर. दर तीन महिन्यांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावून काय चुकतंय ते सांगायचो. तळमळीने सांगायचो, पण फरक पडत नव्हता. मग क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांच्या 1996 च्या अभ्यासाबद्दल वाचलं. फीडबॅकने सरासरी काम सुधारतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा उलट बिघडतं, असं त्यात आढळलं होतं. क्लुगर पुढे ऐकण्याच्या अभ्यासाकडे वळले. मीही जूनपासून तेच करून बघायचं ठरवलं.

आता महिन्यातून एकदा, प्रत्येकी अर्धा तास. फोन केबिनमध्ये ठेवून टूल रूममागच्या बाकावर बसतो. पहिला प्रश्न क्लुगर यांच्या 'फीडफॉरवर्ड' मुलाखतीच्या धर्तीवर: "करताना खरंच बरं वाटलं असं एखादं काम सांगा." पुढे मी गप्प.

पहिले दोन महिने अवघड गेले. "साहेब, माझं काही चुकलं का?" हेच सगळे विचारायचे. मलाही राहवायचं नाही, समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उपाय सांगून मोकळा व्हायचो.

ऑगस्टमध्ये सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवरचे एक मामा बसले. सकाळचे त्यांचे पहिले चार-पाच जॉब (मशीनवर बनवायचे भाग) हमखास रिजेक्ट व्हायचे. "लक्ष कमी पडतं" असं मी त्यांच्या फॉर्मवर तीनदा लिहिलं होतं. जुन्या कामाबद्दल बोलता बोलता ते म्हणाले, "तेव्हा मशीन माझ्या एकट्याकडे होतं. आता रात्रपाळीवाला ऑफसेट (टूलचं माप जुळवायचं सेटिंग) बदलतो आणि सांगत नाही. जॉब बिघडला की मला कळतं." तीन फॉर्म भरले, पण कारण एकदाही विचारलं नव्हतं. त्याच आठवड्यात मशीनपाशी वही ठेवली, पाळी बदलताना दोघांची सही. सकाळचं रिजेक्शन जवळपास थांबलं. आता मामा स्वतःहून येऊन बोलतात, याचं मला जास्त समाधान आहे.

सगळीकडे हे चालत नाही. गार्ड (मशीनचं संरक्षक झाकण) उघडा ठेवून मशीन चालवणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवावंच लागतं. नव्या ट्रेनीला मायक्रोमीटर कसा धरायचा ते दाखवावंच लागतं. मार्चचा अप्रेझल फॉर्मही सुटलेला नाही.

आणि ऐकून काहीच केलं नाही, तर न ऐकण्यापेक्षा वाईट. एका मुलाने पंखा बंद असल्याचं सांगितलं होतं, मी दोन महिने लांबवलं. तेव्हापासून तो "सगळं ठीक आहे सर" एवढंच म्हणतो. पंखा आता बसवलाय. गुरुवारी त्याचा नंबर आहे.