वारसनोंदीची सही म्हणून हक्कसोड करून घेतलं

आमची जमीन सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. एकूण साडेतीन एकर. दोन एकर विहिरीखालची, तिथे ऊस आणि आलं निघतं. उरलेल्या माळावर पावसावरचा घेवडा. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची आणि ताई चौदाची. दोन वर्षांनी अण्णांनी दुसरं लग्न केलं. नवी आई विधवा होती. येताना तिच्या पहिल्या नवऱ्याचा पाच वर्षांचा मुलगा बरोबर घेऊन आली. आम्ही तिला मावशी म्हणत आलो. ‘सावत्र’ हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. अण्णांचा तसा दंडकच होता.

त्या मुलाला मी राखी बांधत आले, त्यामुळे इथे त्याचं नाव घेणार नाही. नुसतं धाकटा म्हणते.

अण्णा 2018 च्या पावसाळ्यात गेले. तेराव्याला भावकीतल्या कुणीतरी विषय काढला, अण्णांनी काही लिहून ठेवलंय का? धाकटा म्हणाला, “त्यांना कशाला लागतंय लिहायला? आपल्यात काय वाटण्या आहेत व्हय?” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. खरं सांगायचं तर मला तेव्हा हायसं वाटलं. लग्न झालेली मुलगी बापाच्या तेराव्याला जमिनीचं विचारते, हे गावात वर्षभर पुरणारं बोलणं असतं. आमच्याकडे बहिणीने माहेरच्या जमिनीवर सही द्यायची, साडीचोळी घ्यायची आणि दिवाळीला यायचं, एवढंच ठरलेलं. मुलीला 2005 पासून मुलाइतकाच हक्क आहे हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि ते तोंडाने मागणं वेगळं.

दीड महिन्याने त्याचा फोन आला. वारसनोंद करायची आहे, तुम्हा दोघींच्या सह्या लागतात, तालुक्याला या. मी पुण्याहून गेले, ताई फलटणहून आली. नोंदणी कार्यालयाबाहेरच्या टपरीवर त्याने चहा पाजला. आत दस्तलेखकाने स्टॅम्पपेपर आणि छापील पानं पुढे सरकवली. फोटो काढला, अंगठा घेतला, प्रत्येक पानावर सही झाली. खिडकीतल्या बाईंनी विचारलंही, “दस्त वाचलाय ना? मजकूर मान्य आहे ना?” मी हो म्हणाले. मी एम.कॉम. आहे, कंपनीत हिशेब तपासते, शंभर रुपयांचं बिलसुद्धा उलटसुलट बघते. तिथे मात्र पहिल्या पानावरचे गट नंबर वाचले आणि पुढची पानं उलटत गेले, कारण मागे माणसं खोळंबली होती आणि धाकटा म्हणत होता, “अक्का, तलाठी जेवायला जाईल.”

वारसनोंदीला नोंदणी कार्यालय लागतच नाही, ही गोष्ट तेव्हा सुचायला हवी होती. मृत्यूचा दाखला जोडून अर्ज तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) करायचा असतो. दुय्यम निबंधकाकडे अंगठा घेतला जातोय म्हणजे काहीतरी देणंघेणं चाललंय.

पुढची चार वर्षं सणवार नीट झाले. आल्याची पोती, घेवडा घरपोच येत होता. 2022 च्या मे महिन्यात गावातल्या एका लग्नात आमचे जुने मास्तर भेटले. विहिरीकडे हात करून म्हणाले, “तुझ्या बापानं एवढं मन लावून तुम्हा पोरींच्या नावं लिहून ठेवलं, आन् तुम्ही विकून मोकळ्या झालात व्हय गं?”

मी म्हटलं, लिहून कुठे ठेवलंय?

मास्तर बघतच राहिले. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून त्यांचीच सही होती.

त्या रात्री फोनवर सातबारा काढला. विहिरीजवळच्या गटावर धाकट्याचं एकट्याचं नाव. रस्त्याकडेचा एक एकर तर भलत्याच माणसाच्या नावावर, खरेदीखताने. मग जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढत गेले आणि सगळा डाव उलगडला. बायकोच्या आधीच्या संसारातला मुलगा सावत्र बापाचा कायद्याने वारस होत नाही, त्यामुळे धाकट्याचं नाव सरळ लागणं शक्यच नव्हतं. मावशीचं लागू शकत होतं, ती बायको. म्हणून आधी आम्हा दोघींकडून मावशीच्या नावे हक्कसोडपत्र, ‘प्रेमापोटी, विनामोबदला’. त्यानंतर चार महिन्यांनी मावशीकडून मुलाला बक्षीसपत्र. दोन्ही दस्त नोंदणीकृत.

हक्कसोडपत्राची नक्कल हातात आली तेव्हा दुसऱ्या पानावर वाचलं, ‘मयत हे कोणतेही मृत्युपत्र न करता मयत झाले असून’. खाली माझी सही, माझा अंगठा. म्हणजे अण्णांनी काहीच लिहिलं नाही, हे माझ्याच तोंडून वदवून घेतलं होतं. फेरफार मंजूर होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. ती नोटीसही निघाली होती. दस्तात आम्हा दोघींचा पत्ता माहेरचा टाकलेला, त्यामुळे ती पोचली धाकट्याच्याच हातात. प्रलंबित फेरफार ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव निवडलं की घरबसल्या दिसतात. मी कधी उघडून पाहिलं नव्हतं. आता दर रविवारी बघते, देवपूजेसारखं.

मृत्युपत्र मिळवायला किती खटपट करावी लागली? जवळपास काहीच नाही. अण्णांनी ते 2015 साली नोंदवून ठेवलं होतं. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसते, आणि केली तरी करणारा जिवंत असेपर्यंत नक्कल दुसऱ्या कुणाला मिळत नाही. तो गेल्यावर मात्र मृत्यूचा दाखला जोडून कुणीही अर्ज करू शकतं. मी अर्ज केला, फी भरली आणि आठवड्यात कागद हातात आला. ज्या इमारतीत मी 2018 ला डोळे झाकून अंगठा दिला, त्याच इमारतीत तो पडून होता. तेव्हा शेजारच्या खिडकीवर विचारलं असतं तर ही वेळ आली नसती.

अण्णांनी काय लिहिलं होतं ते सांगते, कारण माझा जीव तिथेच अडकतो. विहिरीखालची दोन एकर आम्हा दोघी बहिणींना समसमान, ‘कारण सदर विहीर यांच्या आईने अंगावरचे दागिने मोडून पाडली आहे’. पाऊण एकर मावशीला आणि राहतं घर तिच्या हयातीपर्यंत. पाऊण एकर धाकट्याला, ‘तो माझ्या रक्ताचा नसला तरी आजारपणात माझे हगणेमुतणे त्याने काढले आहे’. हे शब्द जसेच्या तसे आहेत. वकिलाने सौम्य करायला सुचवलं असणार, पण अण्णा तसे ऐकणारे नव्हते. आणि ते खरंही होतं. आजारपणाची शेवटची दोन वर्षं त्यानेच काढली, मी महिन्यातून एकदा सफरचंदं घेऊन जायचे. म्हणूनच मला त्याचा पुरता राग करता येत नाही, आणि वकिलांना माझं हे बोलणं अजिबात आवडत नाही.

हक्कसोडपत्र आणि बक्षीसपत्र रद्द व्हावं म्हणून आम्ही दिवाणी न्यायालयात दावा लावला. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत तो लावावा लागतो. मास्तर भेटलेल्या लग्नाची पत्रिकासुद्धा मी जपून ठेवली आहे. दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली, म्हणजे पुढचा घेणारा ‘मला माहीत नव्हतं’ म्हणू शकत नाही. फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपिलाची मुदत साठ दिवसांची असते, ती केव्हाच टळली होती. उशीर माफ करण्याचा अर्ज केलाय. मास्तर ऐंशीच्या घरात आहेत, दुसरे साक्षीदार वारले. मृत्युपत्र शाबीत करायला निदान एक साक्षीदार कोर्टात उभा राहावा लागतो. मास्तरांना साधा खोकला झाला तरी ताईचा मला फोन येतो.

गेल्या दिवाळीत धाकटा घरी नसताना मी मावशीकडे गेले. बक्षीसपत्रात त्याने राहतं घरही घालून घेतलं होतं, हे तिला माहीतच नव्हतं. तिचाही अंगठाच. मृत्युपत्राची नक्कल मी तिला चुलीपाशी बसून वाचून दाखवली. घराच्या ओळीवर ती काही बोलली नाही. मुलाच्या ओळीवर पदर डोळ्याला लावला.

“आन् हिरीचं कुणाला लिवलंय?” तिने विचारलं.

“आम्हा दोघींना.”

“मग बराबर हाय.”

हेच कोर्टात सांगशील का, असं मी विचारलं. तिने परातीतलं पीठ पुढे ओढलं आणि भाकरी थापायला घेतली.