घटनेतला पुराणमतवाद: शब्द की संयम?

जळगावच्या न्यायालयाबाहेरील चहाच्या टपरीवर एका ज्येष्ठ वकिलांनी राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, उघडली, तेव्हा तिसऱ्या परिच्छेदावर पेन्सिलीची आडवी रेघ होती. एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला संरक्षण देणारा तो परिच्छेद २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने वगळला. घटनेतला लिखित शब्दच प्रमाण मानणाऱ्या शब्दनिष्ठ पुराणमतवादाच्या मते शब्द गेला म्हणजे संरक्षणही गेले, आणि त्यातून कोणाचे सरकार पडते याची फिकीर न्यायाधीशाने करू नये.

पुराणमतवादातलेच संयमवादी मात्र म्हणतात, की राजकीय वादात न्यायालयाने हात आखडता घ्यावा. शिवसेनेच्या फुटीवरील सर्वोच्च न्यायालयाच्या ११ मे २०२३ च्या निकालात राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे असमर्थनीय ठरले, तरी उद्धव ठाकरे यांनी तिला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार पूर्ववत झाले नाही आणि फुटलेल्या आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडेच राहिला. अध्यक्षही पक्षातूनच येतात, त्यामुळे हा संयम कोणाच्या पथ्यावर पडेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मला शब्दनिष्ठाच अधिक पटते, कारण ती निदान ताडून पाहता येते. अर्थात बहुमत सभागृहातच मोजावे, ही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने घालून दिलेली शिस्त घटनेत शब्दशः कुठेही लिहिलेली नाही, आणि ती नको असे कोणताही शब्दनिष्ठ म्हणत नाही.