तीन लिटरची पोनी: नाशिकच्या पोहण्याच्या टँकमधल्या सरावासाठी घ्यावी का?

पोनी म्हणजे स्कूबा डायव्हिंगला मुख्य टाकीच्या जोडीला न्यायची, स्वतःचा रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वास घेता येईल अशा दाबाने तोंडात देणारं साधन) आणि स्वतःचं दाबाचं गेज असलेली छोटी, वेगळी हवेची टाकी. ऑक्टोपसशी, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या जादा रेग्युलेटरशी, तिची गल्लत करू नका. ऑक्टोपसची हवा मुख्य टाकीतूनच येते, त्यामुळे टाकी संपली की ऑक्टोपसही संपला. पोनीचं तसं नाही. बडी (जोडीचा डायव्हर) दूर गेला, ओ-रिंग (जोडावरची रबरी रिंग) फाटली, फ्री-फ्लो सुरू झाला, म्हणजे रेग्युलेटरमधून हवा आपोआप सुटत राहिली, तरी हिच्यावर वर येता येतं.

बाजारात दोन प्रकार दिसतात. एक ३ लिटरची टाकी, तिला नेहमीचा रेग्युलेटर. दुसरी हातात मावणारी बाटली, माउथपीस थेट तिच्यावरच बसवलेला, आत जेमतेम ८५ लिटर हवा. दुसरी स्वस्त नाही, पण सुटसुटीत दिसते म्हणून खपते. हिशोब करून बघा. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर सहज ओढतो. ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणजे मिनिटाला १२० लिटर. ती बाटली तिथे पाऊण मिनिटही पुरत नाही, आणि मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने वर यायलाच सव्वातीन मिनिटं लागतात. आता ३ लिटर आकाराची घ्या: २०० बार दाबाला तिच्यात ६०० लिटर हवा. खाली सावरायला एक मिनिट (१२०), वर येताना साधारण २५०, पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा धरून आणखी १३५. झाले ५०५. थोडी शिल्लकही राहते. छोटी बाटली फार तर दहा मीटरच्या आतच्या डाइव्हला ठीक.

वजन मात्र झेपलं पाहिजे. व्हॉल्व्ह-रेग्युलेटरसकट भरलेली पोनी साडेपाच-सहा किलोच्या घरात जाते. ती डाव्या कुशीला, वर-खाली दोन बोल्ट स्नॅपने (खटक्याच्या धातूच्या हुकांनी) अडकवलेली बरी. पाठीवर मुख्य टाकीला बांधली की ना व्हॉल्व्हला हात पोचतो, ना गेज दिसतं, ना अख्खी बाटली काढून बडीच्या हातात देता येते. बोल्ट स्नॅप घेताना मोठ्या दांड्याचे घ्या; छोटे, चावीच्या साखळीला शोभतील असे, ओल्या हाताने उघडत नाहीत.

रेग्युलेटर वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या स्पर्शाचा हवा. डाइव्ह सुरू करतानाच चुकून पोनीचा रेग्युलेटर तोंडात धरणं ही जुनी आणि जीवघेणी चूक आहे: मुख्य टाकी भरलेलीच दिसते, डायव्हर निर्धास्त खाली जातो आणि राखीव हवा सुरुवातीलाच संपते. पाण्यात उतरण्याआधी मुख्य रेग्युलेटरमधून दोन-तीन श्वास घेत मुख्य गेजकडे बघा. काटा लटपटला तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही.

सरावाला अडीच-तीन मीटर खोलीचा टँक पुरतो. नाशिकमध्ये परवानगी विचारताना टाकीच्या बुडाला घालायचा रबरी बूट आणि जाड मॅट आणणार असल्याचं आधीच सांगा. टाइल फुटली तर टँकवाले पुन्हा उभं करत नाहीत. आधी तळाशी गुडघ्यांवर बसून: मुख्य रेग्युलेटर काढा, तोंडातून बारीक बुडबुडे सोडत राहा, खाली न बघता गळ्यातल्या इलॅस्टिकवरून पोनीचा उचला, तोंडात धरा, फुंका, मग सावकाश ओढा. फुंकायला हवाच उरली नसेल तर जीभ टाळूला लावून पर्ज बटण (रेग्युलेटरमधलं पाणी हवेच्या झोताने बाहेर काढणारं) दाबा. जीभ न लावता दाबलं की पाणी थेट घशात उडतं आणि ठसका लागतो. डाव्या बाजूने होज (रेग्युलेटरची नळी) आला की रेग्युलेटर उलटा बसण्याची खोड असते. एक्झॉस्ट, म्हणजे सोडलेली हवा बाहेर जायची वाट, वर गेला की प्रत्येक श्वासाला पाणी येतं. होज मानेमागून फिरवून उजवीकडून आणला की हे टळतं.

हे जमलं की तेच तरंगत, मग मास्क काढून, मग डोळे मिटून. शेवटी प्रशिक्षकाने मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू बंद करावा, हात मात्र व्हॉल्व्हवरच ठेवावा. बॅलन्स्ड रेग्युलेटर शेवटपर्यंत हलका चालतो आणि अचानक घट्ट होतो. हे एकदा अनुभवलेलं बरं. तीन मीटरच आहे म्हणून श्वास रोखून वर येऊ नका. दाबाखालची हवा छातीत कोंडून दीड मीटर वर आलात तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते.

हवा भरण्यापाशी नाशिककराची खरी गोची होते. सातपूर-अंबडच्या गॅसवाल्याकडे ही टाकी नेऊ नका. कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा श्वासासाठी गाळलेली नसते. तेलाची वाफ किंवा कार्बन मोनॉक्साइड आत जाऊ शकतो. मेडिकल ऑक्सिजन तर अजिबात नको: शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरतो, आणि त्यासाठी खास साफ न केलेल्या सेटला आगीचा धोका वेगळाच. श्वासाच्या हवेचाच कॉम्प्रेसर हवा. टाकी घेण्याआधी पेसोची (दाबाच्या सिलिंडरना मान्यता देणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता आणि टाकीच्या खांद्यावर ठोकलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीची) तारीख तपासा, नाहीतर भरून कोणी देणार नाही.

वर्षाकाठी एकदा तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून उतरणाऱ्याने हिच्यावर पैसे घालू नयेत. त्याच पैशात स्वतःचा मास्क आणि लांब होजचा चांगला ऑक्टोपस येतो. नेत्राणी-अंदमानला १८ मीटरच्या खाली नियमित जाणाऱ्याने, किंवा अनोळखी बडीबरोबर डाइव्ह करणाऱ्याने, जरूर घ्यावी. वापर झाल्यावर क्लोरीनचं पाणी गोड्या पाण्याने धुवून टाका, पण त्याआधी फर्स्ट स्टेजची (रेग्युलेटरचा टाकीच्या व्हॉल्व्हवर बसणारा भाग) टोपी बसवा. पर्ज बटणही दाबू नका. त्या वाटेने पाणी आत शिरतं.