पॉम्पादूर की द्यू बारी? पंधराव्या लुईच्या दरबारावर लिहायचं तर कोणाला निवडावं

अठराव्या शतकातला फ्रान्सचा राजा पंधरावा लुई, त्याचा दरबार व्याख्यानाला किंवा एकांकीला घेतला, की पहिला पेच हाच. मादाम द पॉम्पादूर आणि मादाम द्यू बारी, दोघीही राजाच्या अधिकृत प्रेयसी. आपला 'अंगवस्त्र' हा शब्द इथे अपुरा पडतो, कारण यात लपवाछपवी नव्हती. व्हर्सायच्या राजवाड्यात दालनं मिळत आणि दरबारात रीतसर 'सादर' व्हावं लागे.

दोघींतला फरक या सादर होण्यातच कळतो. किताब हवा, आणि दरबारातली एखादी खानदानी बाई सोबत हवी. भरजरी पोशाखात तीनदा लवून अभिवादन करायचं, मग घोळदार झगा पायाने सारत, पाठ न दाखवता उलट पावली बाहेर. पॉम्पादूर पॅरिसच्या सावकारी वर्तुळातली, विवाहित. फेब्रुवारी 1745 मध्ये व्हर्सायच्या मुखवटा-नृत्यात ती राजासमोर आली आणि सप्टेंबरात मार्कीझ हा किताब घेऊन सादर झाली. द्यू बारी अनौरस, दुकानात काम केलेली. ज्याच्याबरोबर राहत होती तो आधीच विवाहित, म्हणून 1768 मध्ये लग्न लावलं त्याच्या भावाशी, जन्मदाखलाही बनावट. सोबत यायला कोणी बाई तयार होईना. शेवटी कर्जात बुडालेली काउंटेस द बेआर्न कर्ज फिटण्याच्या बोलीवर उभी राहिली, तेव्हा कुठे 22 एप्रिल 1769 उजाडला.

सत्ता कशी चालते हे दाखवायचं असेल, तर पॉम्पादूरच घ्या. 1750 च्या सुमारास शरीरसंबंध संपले, तरी 1764 मध्ये मरेपर्यंत तिचं वजन टिकलं. कारण साधं आहे: राजाला कोण, कधी भेटणार हे बऱ्याच अंशी तिच्या दालनात ठरे. भाऊ मारिन्यी शाही बांधकामांचा प्रमुख. सेव्ह्रच्या चिनी मातीच्या कारखान्याला आणि 1751 च्या लष्करी विद्यालयाला तिचा पाठिंबा. 1756 च्या ऑस्ट्रियाशी झालेल्या तहाच्या बोलण्यांतही तिचा हात होता. पुढच्या सप्तवार्षिक युद्धात फ्रेंचांची पाँडिचेरी इंग्रजांपुढे पडली ती जानेवारी 1761 मध्ये, पानिपताच्याच आठवड्यात. मात्र पराभवाचं सगळं खापर तिच्यावर फोडू नका. शेवटचा शब्द राजाचाच असे.

द्यू बारीचं राजकारण तोकडं. डिसेंबर 1770 मध्ये मंत्री श्वाझल गेला त्याचं श्रेय तिला देतात, पण फॉकलंड बेटांच्या वादात स्पेनच्या बाजूने इंग्लंडशी युद्धात पडायला राजा तयार नव्हता, हे कारण जास्त वजनाचं. नाट्य मात्र हिच्याकडेच. युवराजाची बायको मारी आंत्वानेत तिच्याशी बोलेना. 1 जानेवारी 1772 ला तिला उद्देशून 'आज व्हर्सायला बरीच गर्दी आहे' एवढंच बोलली. दरबाराला तेवढं पुरलं! 1774 मध्ये राजा देवीने गेला आणि द्यू बारीची रवानगी मठात झाली. पुढे क्रांतीत, 8 डिसेंबर 1793 ला, गिलोटिन. तिच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत तिच्या घरी वाढलेला झामोर होता. त्याला अनेकदा आफ्रिकन म्हणून रंगवतात. तो स्वतः बंगालचा असल्याचं सांगे.

घोळ होतो तो हिऱ्यांच्या हाराचा. सराफांनी तो राजा द्यू बारीसाठी घेईल या आशेने घडवला. त्याच हारावरून 1785 मध्ये उघड झालेल्या फसवणुकीच्या प्रकरणात बदनाम झाली मारी आंत्वानेत. पॉम्पादूरच्या भागात त्याला जागाच नाही.

एकांकीला द्यू बारी. व्याख्यानाला पॉम्पादूर, आणि सुरुवात चित्रकार ला तूर याने काढलेल्या, लूव्हर संग्रहालयातल्या तिच्या 1755 च्या व्यक्तिचित्राने करा: टेबलावर दिदरोच्या फ्रेंच विश्वकोशाचा चौथा खंड उभा आहे, आणि त्याच्या पहिल्या दोन खंडांवर तीनच वर्षांपूर्वी बंदी आली होती.