सूर्यमाला शिकवण्यासाठी कोणते साधन निवडावे? चेंडू, मैदान, पडदा आणि आकाश यांची तुलना

सहावी ते आठवीच्या वर्गाला सूर्यमाला शिकवायची असते, तेव्हा शिक्षकाच्या हाती मोजक्याच तासिका असतात आणि समोर मुख्यतः चार वाटा असतात: टांगलेल्या चेंडूंची प्रतिकृती, मैदानावर पावलांनी मोजलेली सूर्यमाला, संगणकावरचे आभासी आकाश आणि प्रत्यक्ष आकाशाचे निरीक्षण. चारही वाटांना पुरेल इतका वेळ क्वचितच मिळतो, म्हणून निवड करावीच लागते. ती करताना मुलांना काय जास्त आवडेल एवढाच विचार पुरेसा नाही. ग्रहांचे आकार, त्यांची अंतरे आणि त्यांची गती या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या प्रमाणात दाखवणारे साधन वर्गात मावूच शकत नाही. प्रत्येक साधन यांपैकी कशाची तरी मोडतोड करते. म्हणून एखादे साधन काय दाखवते याच्याइतकेच ते काय चुकीचे दाखवते, हेही निवडीआधी पाहिले पाहिजे.

टांगलेल्या चेंडूंची प्रतिकृती सर्वांत जास्त प्रचलित आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत जास्त दिशाभूल करणारी आहे. ग्रहांचा क्रम, शनीची कडी, गुरूचे पट्टे आणि मंगळाचा तांबूस रंग तिच्यातून चांगले लक्षात राहतात, हे मान्य करायला हवे. परंतु पृथ्वीसाठी 2 सेंटिमीटरचा मणी घेतला, तर त्याच प्रमाणात सूर्याचा गोल सुमारे 2.2 मीटर व्यासाचा लागेल आणि तो मण्यापासून जवळजवळ 235 मीटर दूर ठेवावा लागेल. प्रत्यक्षात हाताएवढ्या दोरीवर नऊ गोल एका ओळीत लटकतात, आणि ग्रह एकमेकांचे शेजारी असतात व नेहमी एका रांगेत उभे असतात, ही समजूत मुलाच्या मनात अनेक वर्षे घर करून राहते. भिंतीवरचा तक्ताही हीच चूक करतो आणि तिच्यात आणखी एकीची भर घालतो. कक्षा तिरक्या कोनातून काढलेल्या असल्यामुळे त्या फार चपट्या लंबवर्तुळासारख्या दिसतात, आणि पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा होतो, असा निष्कर्ष मुले आपणच काढतात. पृथ्वीची कक्षा इतकी वर्तुळासारखी आहे की ती 10 सेंटिमीटर त्रिज्येने कागदावर काढली, तर वर्तुळापासून तिच्या आकारात पडणारा फरक मिलिमीटरच्या दोन शतांश भागांपेक्षाही कमी भरतो, म्हणजे पेन्सिलच्या रेषेत तो दडून जातो. शिवाय पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, उत्तर गोलार्धात हिवाळा असताना.

मैदानावरची सूर्यमाला नेमकी अंतरांची चूक दुरुस्त करते. 1 सेंटिमीटर म्हणजे 1 लाख किलोमीटर हे प्रमाण धरावे, कारण त्यात आकडेमोड मुलांना स्वतः करता येते. या प्रमाणात सूर्य सुमारे 14 सेंटिमीटरचा चेंडू होतो. बुध त्यापासून साधारण 6 मीटरवर, शुक्र 11 मीटरवर, पृथ्वी 15 मीटरवर आणि मंगळ 23 मीटरवर येतो; पृथ्वी असते जेमतेम सव्वा मिलिमीटरचा ठिपका आणि चंद्र तिच्यापासून 4 सेंटिमीटरपेक्षा थोडा कमी अंतरावर. तोवर मुले उत्साहाने चालत असतात. मग गुरूपर्यंत 55 मीटर रिकामे चालावे लागते. या पट्ट्यात लघुग्रह आहेत असे सांगितले की मुले खाली दगडांची गर्दी शोधू लागतात, आणि सगळ्या लघुग्रहांचे एकत्रित वस्तुमानही चंद्रापेक्षा पुष्कळ कमी आहे, हे सांगण्याची ती योग्य वेळ असते. गुरू 78 मीटरवर, शनी 143 मीटरवर, युरेनस 287 मीटरवर आणि नेपच्यून जवळजवळ 450 मीटरवर येतो. तिथून मागे वळून पाहिले की सूर्याचा चेंडू दिसेनासा झालेला असतो. याच प्रमाणात सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे 4,000 किलोमीटर दूर ठेवावा लागेल.

या पद्धतीत एक प्रयोग मला विशेष मोलाचा वाटतो. या प्रमाणात प्रकाशाचा वेग सेकंदाला 3 सेंटिमीटर होतो. सूर्याच्या चेंडूपासून एका विद्यार्थ्याने जमिनीवर पट्टी ठेवून दर सेकंदाला 3 सेंटिमीटर या गतीने बोट पुढे सरकवत न्यावे. पृथ्वीपर्यंत पोहोचायला त्याला आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि खऱ्या सूर्यप्रकाशालाही तेवढाच लागतो. विश्वातल्या सर्वांत वेगवान गोष्टीला इतक्या संथपणे सरकताना पाहून मुलांना अंतराचा जो अर्थ कळतो, तो कोट्यवधी किलोमीटरचा आकडा पाठ करून कधीच कळत नाही. मैदानाची उणीव एवढीच की तिथे गती नसते आणि ग्रह पुन्हा एका सरळ रेषेत मांडले जातात. म्हणून परत येताना प्रत्येक गटाने आपला ग्रह सूर्यापासून तेवढ्याच अंतरावर, पण वेगळ्या दिशेला न्यावा. जागा कमी असेल तर शनीपर्यंत थांबले तरी चालते. मैदानच नसेल, तर कागदाची लांब पट्टी घडी घालूनही काम भागते: एका टोकाला सूर्य, दुसऱ्या टोकाला प्लूटो, मधल्या घडीवर युरेनस, युरेनस आणि प्लूटो यांच्या मध्यावर नेपच्यून, सूर्य आणि युरेनसच्या मध्यावर शनी, पुन्हा अर्ध्यावर गुरू. उरलेल्या चिंचोळ्या तुकड्यात लघुग्रहांचा पट्टा आणि चारही आतले ग्रह दाटीवाटीने बसतात. आकार मात्र या पट्टीवर दाखवता येत नाहीत.

पडद्याची बाजू गतीची आहे. स्टेलॅरियम हा विनामूल्य संगणक-कार्यक्रम पृथ्वीवरून दिसणारे आकाश दाखवतो, तर नासाचे 'आइज ऑन द सोलर सिस्टम' हे ब्राउझरमध्ये चालणारे साधन सूर्यमाला बाहेरून, वरून दाखवते. या वयाच्या मुलांची खरी अडचण या दोन दृष्टिकोनांमध्ये ये-जा करण्याचीच असते. मंगळ साधारण दर 26 महिन्यांनी काही आठवडे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उलटा सरकताना दिसतो; हीच त्याची वक्री गती. ते आधी स्टेलॅरियममध्ये काळाचा वेग वाढवून दाखवावे, आणि मग तेच दिवस दुसऱ्या साधनात वरून पाहून पृथ्वी मंगळाला आतल्या बाजूने कशी मागे टाकते, हे मुलांना शोधू द्यावे. हे काम चेंडू किंवा मैदान यांना जमणार नाही. मात्र अशी साधने ग्रह दिसावेत म्हणून पुष्कळदा त्यांचे आकार फुगवतात किंवा जागी खुणेचा ठिपका ठेवतात, आणि एका क्लिकने नेपच्यूनपर्यंत पोहोचता येत असल्यामुळे मैदानावर मिळवलेली अंतराची जाण इथे पुसली जाऊ शकते. म्हणून पडदा मैदानानंतर यावा, आधी नव्हे.

प्रत्यक्ष आकाशात मोडतोड अजिबात नाही, पण त्याला वेळ लागतो, ढगांची परवानगी लागते आणि वर्गाच्या वेळेत ते बहुतेक मिळत नाही. साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून, हात स्थिर टेकवून पाहिल्यास गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात. गॅलिलिओने 1610 च्या जानेवारीत तेच पाहिले होते. सलग चार-पाच रात्री त्यांच्या जागा वहीत टिपल्या, तर आयओ हा सर्वांत आतला चंद्र दोन दिवसांच्या आतच फेरी पूर्ण करतो हे मुलांच्या नोंदींतूनच समोर येते, आणि सगळे काही पृथ्वीभोवतीच फिरत नाही हे त्यांना पुस्तकावर विश्वास न ठेवताही पटते. दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नये, हा नियम पहिल्याच दिवशी आणि पुन्हा पुन्हा सांगितला पाहिजे.

ग्रहांची माहिती गोळा करून फलक बनवण्याच्या प्रकल्पाबद्दल थोडक्यात एवढेच म्हणता येईल की, एका मुलाला एक ग्रह वाटून दिला तर तुलना होतच नाही. त्याऐवजी सगळ्यांना एकच आकडेवारी द्यावी आणि बुध सूर्याच्या जास्त जवळ असूनही शुक्र त्याहून तप्त का, असे प्रश्न विचारावेत.

निवड करायचीच असेल, तर एकच तासिका असणाऱ्याने मैदान निवडावे. दोन-तीन तासिका असतील तर मैदानानंतर पडदा घ्यावा. सहावीत वक्री गतीचा आग्रह धरू नये, आठवीत अवश्य धरावा. चेंडूंची प्रतिकृती करायचीच असेल, तर ती सगळ्यांत शेवटी करावी आणि तिच्यात काय काय खोटे आहे याची यादी मुलांकडूनच लिहून घ्यावी.

चंद्रकलांसाठी मात्र पडद्याची गरज नाही. पृथ्वीची सावली पडून कला होतात ही समजूत फार चिवट आहे, आणि ती शाळेच्या वेळेतच, भर उजेडात दूर करता येते. कृष्ण अष्टमीच्या आसपास सकाळी पश्चिमेकडे, किंवा शुक्ल अष्टमीच्या आसपास दुपारी पूर्वेकडे चंद्र दिसत असताना मुलांना उन्हात उभे करावे आणि प्रत्येकाने काडीला टोचलेला पांढरा चेंडू हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरावा. चेंडूचा जितका आणि ज्या बाजूचा भाग उजळलेला असतो, तितकाच आणि त्याच बाजूचा भाग वर चंद्रावरही उजळलेला असतो, आणि त्या वेळी पृथ्वीची सावली कुठेच मध्ये आलेली नसते.