काळ्या कागदावरची झाडं: हातछपाईची प्रत घेताना आणि विदर्भात जपताना

चेन्नईच्या तारा बुक्सने २००६ मध्ये काढलेलं 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' आधी बोटांनी वाचायचं. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या मध्य प्रदेशातल्या गोंड चित्रकारांनी यात रात्री आपलं खरं रूप दाखवणारी झाडं काढली आहेत. मजकूर इंग्रजी आहे, पण झाडागणिक जेमतेम काही ओळी. कागद सुती चिंध्यांचा, हातबनावटीचा, काळाभोर. छपाई स्क्रीनची, म्हणजे जाळीतून शाई दाबून केलेली: प्रत्येक रंगाची जाळी वेगळी, एक वाळला की मग दुसरा.

पान तिरप्या उजेडात धरा, शाईचा उठाव दिसतो. दोन रंगांची कड केसभर सरकलेली असली तर ती हातछपाईची खूण समजावी. पानं चिकटून शाईचा टवका उडाला असेल, तर मात्र प्रत बदलून मागा. प्रतीवरचा क्रमांक लहान आहे म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. अमेरिकन चित्रकार एड रुशे याच्या १९६३ च्या पेट्रोल पंपांच्या फोटोंच्या पुस्तकाची पहिली आवृत्तीच ४०० प्रतींची होती. झाडांच्या या पुस्तकाच्या मात्र आवृत्त्या निघतच गेल्या. इथे मोल आहे ते कारागिरीचं.

खरी कसोटी आपल्याकडच्या हवेची. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, खोलीत कूलरची ओली हवा. त्या झोतात पुस्तक राहिलं की पुठ्ठा एका अंगाने ओलावा पितो आणि पापडासारखा वळतो. वळलाच तर दोन सपाट पाट्यांमध्ये ठेवून वर वजन द्या, आठवडाभर हलवू नका. इस्त्री अजिबात नको, शाई पुढच्या पानाला धरते.

लोखंडी कपाटात, भिंतीपासून चार बोटं लांब, आडवं ठेवा; लाकडी फळी मातीच्या भिंतीला टेकली की उधई थेट पुस्तकात शिरते. पार्सलचं प्लास्टिक आल्या दिवशीच काढा, पावसाळ्यात आत घाम धरून बुरशी येते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका. नव्या प्रतीला शाईचा वास येतो. सावलीत उघडी ठेवून रोज थोडी पानं उलटली की तो विरतो.

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. काळ्या कागदावर घामाचा ठसा पांढुरका उमटतो आणि पुसायला गेलं की आणखी पसरतो.