नहपानाची अकरा नाणी

नाशिकच्या पांडवलेणीतलं दहावं लेणं मी किती वेळा पाहिलंय, ते आता सांगता येणार नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या भागावर राज्य केलेला नहपान राजा, त्याचा जावई उषवदात याचे लेख तिथे आहेत. त्यातल्या एकात नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून दिल्याचा हिशोब आहे: २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण दरानं. त्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांची आणि इतर गरजांची सोय व्हायची. हे वाचल्यापासून मला या राजाचं वेड लागलं. जुन्नरच्या लेखात त्याला महाक्षत्रप ही मोठी राजपदवी लावलीय आणि त्या काळच्या गणनेतलं ४६ हे वर्ष दिलंय. त्याच्या नाण्यांवर तर वर्षही नाही. त्याचं चरित्र कुणी लिहून ठेवलेलं नाही, आपल्याकडे जे आहे ते मुख्यतः दगडावर आणि चांदीवर. म्हणून त्याचं एखादं नाणं आपल्या हातात असावं, असं मला फार वाटायचं.

हे वाटणंच त्या माणसानं हेरलं. जुन्या नाण्यांच्या एका ऑनलाइन गटात मी नहपानाबद्दल प्रश्न विचारला होता, त्याच रात्री त्याचा मेसेज आला. बोलणं अगदी घरच्यासारखं, प्रत्येक वाक्यात "ताई". म्हणाला, गोदाकाठी मामांच्या शेतात नांगरताना गाडगं फुटलं, त्यात ही नाणी निघाली. गाव जोगलटेंभीपासून लांब नाही म्हणाला. जोगलटेंभीचं नाव घेतल्यावर माझा विश्वास बसणारच होता. १९०६ साली तिथे नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला होता. पांडवलेणीतच तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेख आहे. आपल्या मुलानं क्षहरात वंश निःशेष केला, असं ती त्यात सांगते. नहपान क्षहरातच. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकणाऱ्याचं चिन्ह ठोकलेलं नाणं, असं नाणं मला हवं होतं.

पहिलं नाणं त्यानं २,५०० रुपयांना दिलं. मी ते आमच्याकडच्या एका अनुभवी संग्राहकांना दाखवलं. त्यांनी भिंगाखाली बराच वेळ पाहिलं आणि अस्सल असल्याचं सांगितलं. ते अस्सलच होतं, आजही आहे. फसवणूक तिथूनच सुरू झाली, कारण त्यानंतरचं एकही नाणं मी कुणाला दाखवलं नाही.

पुढच्या दीड महिन्यात तीन खेपांमध्ये अकरा नाणी आली, प्रत्येकी ३,२०० रुपये. सात नुसत्या नहपानाची, चार गौतमीपुत्राचा छाप मारलेली. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पुडीत, सोबत प्लास्टिकच्या आवरणातलं "प्रमाणपत्र". त्यानं एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: ताई, कुणाला दाखवू नका, सरकारला कळलं तर जप्त होईल, मामा अडकतील. हे मला खरं वाटलं, कारण कायदा तसाच आहे. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. त्यानं याच कायद्याचा धाक दाखवून माझं तोंड बंद केलं. ती गोष्ट खरी असती, तरीही मी गप्प बसायला नको होतं. ठेवा कळवा, असं मी त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. ते मी केलं नाही आणि त्याची मला आजही लाज वाटते.

उलगडा झाला तो नोंदवहीसाठी फोटो काढताना. चारही पुनर्मुद्रित नाणी पहिल्यांदाच शेजारी शेजारी ठेवली. चारांवरही गौतमीपुत्राच्या छापातलं उज्जैन चिन्ह (क्रॉस आणि त्याच्या टोकांना चार वर्तुळं) नहपानाच्या नाकावर त्याच जागी. चारांच्याही काठाला नहपानाच्या मूळ छापातल्या त्याच तीन ग्रीक अक्षरांचे अवशेष. आणि चारांनाही मागच्या बाजूला डाव्या काठावर, तिथल्या बाणाच्या चित्राच्या टोकासमोर, एकसारखी चीर.

हे होऊच शकत नाही. कारण समजून घ्या, कारण नाणं घेताना हीच एक गोष्ट तुम्हाला वाचवेल. ही नाणी हातानं, हातोड्याचा घाव घालून पाडलेली. एकाच ठशातून शेकडो नाणी निघतात, त्यामुळे चित्र सारखं असणं शक्य आहे. पण चांदीची चकती प्रत्येक वेळी वेगळी आणि घाव बसला की काठ कुठे फाटेल ते कुणाच्या हातात नसतं. त्यावर दुसऱ्या राजाचा छाप पुन्हा मारायचा, तर खालचं किती चेपेल, किती उरेल, हे दोनदा सारखं घडत नाही. सगळं सारखं असेल तर ती नाणी पाडलेली नाहीत, एका खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली आहेत. उरलेल्या सातांचेही दोनच साचे निघाले.

मग बाकीचंही दिसायला लागलं. अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, भिंगाखाली हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे, एकाच्या काठावर कानशीनं घासलेली रेघ. खऱ्या पुनर्मुद्रणात वरचा छाप ठसठशीत आणि खालचा चेपलेला असतो, इथे दोन्ही सारखेच मऊ. सराफाच्या काट्यावर एक नाणं हवेत २.१४ ग्रॅम भरलं, पाण्यात बुडवून तोललं तर जवळजवळ पाव ग्रॅम घट. चांदी असती तर घट ०.२० च्या आसपास आली असती. म्हणजे आत चांदीपेक्षा हलका धातू, पितळ किंवा तांबं, वर चांदीचा मुलामा.

एकूण ३५,२०० रुपये गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोवर दोन महिने उलटले होते आणि त्याचा नंबर बंद होता. पैशांपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागली. "गोदाकाठी नहपानाच्या नाण्यांचा नवा साठा" अशी टिपणी मी एका मासिकासाठी लिहून पूर्ण केली होती, गावाच्या नावासकट. ती छापली गेली असती, तर उद्या कुणी अभ्यासकानं नकाशावर तिथे ठिपका दिला असता. ज्या राजाची साक्ष द्यायला लेख आणि नाणी याशिवाय जवळजवळ काहीच नाही, त्याच्याबद्दल मी खोटी साक्ष दिली असती. ती टिपणी मी फाडली.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या विद्यार्थ्यानं चार फोटो पाठवले. "मॅडम, आजोबांच्या विहिरीच्या खोदकामात निघालेली आहेत म्हणतात, घेऊ का?" जिल्हा वेगळा, नंबर वेगळा. मी फोटो मोठा करून फक्त डावा काठ पाहिला. बाणाच्या टोकासमोर चीर होती.